वायरलेसवालीचे दात आणि तुझे

तीर्थरूप आत्या,

तुला आणि आतोबांना वाकून नमस्कार. (टेबलाशी बसून लिहितो आहे, त्यामुळे खरोखर वाकलो तर शाई फासली जाईल, पण मनातून पुरता वाकलो आहे.) इकडे सगळे खुशाल आहेत. आईचा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही, त्यामुळे एकदा वर आली की ती लवकर खाली जात नाही आणि माझ्या खोलीतली फळी नजरेनं मोजत बसते. तिला तिथे चादरी ठेवायच्या आहेत. तुझी तब्येत कशी आहे? चहात बुडवलेली बिस्किटं आणि पातळ खाणं यांवर माणसानं किती दिवस काढायचे, हा प्रश्न मीच आधी विचारून टाकतो, म्हणजे तुला विचारावा लागणार नाही. तुझ्या कवळीचं काम माझ्याच हातात आहे, नीट चाललं आहे आणि त्याविषयी याच पत्रात पुढे सविस्तर लिहिणार आहे. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या तुम्हा जुन्या ऑपरेटर बायकांचा मेळावा जवळ आला आहे, पहिलं भाषण तुलाच करायचं आहे, आणि दात नसल्यानं 'स' म्हणताना शीळ वाजते म्हणून तू फोनसुद्धा घेईनाशी झाली आहेस, हे सगळं मला आतोबांकडून कळलं आहे. जिनं जन्मभर सगळ्या गावाला एकमेकांशी जोडून दिलं, तिनं फोन वाजला की उठून स्वयंपाकघरात जायचं, हे मला मुळीच बरं वाटत नाही. म्हणून फोन न करता पत्र लिहितो आहे.

पण दातांचं सांगण्याआधी मला वायरलेसवालीचं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय दातांचं नीट कळणार नाही. तुला आठवत असेल, लहानपणी मी शाळा सुटली की तुझ्याकडे येऊन टीव्हीवर ती पाणबुडीवाल्यांची मालिका पाहायचो. कप्तान, डॉक्टर, मेकॅनिक, स्वयंपाकी, तो एक सतत घाबरणारा पोरगा, आणि एका कोपऱ्यात कानाला यंत्र लावून बसलेली वायरलेसवाली. बाकीचे सगळे पाण्यात उड्या मारायचे. ही जागची हलायची नाही, पण हिनं आवाज दिला नाही तर एकही जण वर येऊ शकायचा नाही. तू रोज डबा घेऊन कामावर जायचीस ती अशाच पाणबुडीत जातेस असं मला बरीच वर्षं वाटत होतं. (तू बसनं जायचीस हे दिसत असूनही वाटत होतं. बस पाणबुडीपर्यंत जात असेल, असा माझा समज.) पुढे मी मोठा झालो, दातांच्या लॅबमध्ये लागलो, आणि पहिल्या पगारात त्या मालिकेचा कप्तान विकत घेतला. वीतभर उंच, सांधे हलणारा, अंगावरच्या पोशाखाचे खिसेसुद्धा उघडणारा. मग हळूहळू बाकीचे आले. आई त्यांना बाहुल्या म्हणते. मी तिला एकदा समजावून सांगितलं की बाहुल्यांचे गुडघे वाकत नाहीत, माझ्या कप्तानाचे दोन्ही वाकतात. ती म्हणाली, 'मग तुझ्या कप्तानाला सांग पाणी भरायला.' मी कप्तानाचे गुडघे सरळ करून त्याला परत फळीवर ठेवला.

तर सगळे आले, वायरलेसवाली तेवढी आली नाही. कंपनीनं ती कधी काढलीच नाही. पोरगा सुद्धा दोन प्रकारांत निघाला (एक कोरडा, एक भिजलेला), पण वायरलेसवाली नाही. का, तर म्हणे बसून राहणाऱ्या बाईला गिऱ्हाईक नसतं. आम्ही संग्राहक मंडळींनी (हा शब्द मी पूर्ण विचार करून लिहितो आहे, आईनं पत्र वाचलं तरी खोडणार नाही) पुष्कळ अर्जविनंत्या केल्या आणि शेवटी कंपनीनं जाहीर केलं की वायरलेसवाली येणार, खुर्चीसकट येणार, आणि जे आगाऊ नोंदणी करतील त्यांनाच मिळणार. मी ज्या क्षणी नोंदणी उघडली त्या क्षणी केली. तेव्हापासून जे चाललं आहे ते तुझ्यासारख्या एका झटक्यात लाईन जोडून देणाऱ्या बाईला सांगायलाही लाज वाटते.

आधी सांगितलं, उन्हाळ्याच्या आत येईल. मग सूचना आली की साच्यात सुधारणा चालू आहे. साचा म्हणजे काय ते मला कळतं, आत्या, मी दिवसभर साचेच करतो, म्हणून मी गप्प बसलो. मग सूचना आली की माल वाहून आणणारं जहाज बंदरात अडकलं आहे. त्यावर आमच्या फोनवरच्या गटातला खोकेबंद म्हणाला, साचाच झाला नव्हता तर जहाजात काय भरलं होतं? (खोकेबंद हे त्याचं खरं नाव नव्हे. तो पेट्रोल पंपावर हिशेब लिहितो आणि आपल्याकडचा एकही पुतळा खोक्यातून बाहेर काढत नाही, कारण खोकं उघडलं की मोल जातं. त्याच्या कप्तानानं अजून बाहेरचा उजेड पाहिलेला नाही.) मग खोक्यावरचा निळा रंग मनासारखा येत नाही अशी सूचना आली. प्रत्येक सूचनेच्या शेवटी एकच वाक्य: आपल्या संयमाबद्दल मनःपूर्वक आभार. मी त्यांना संयम दिलाच नव्हता. त्यांनी तो न विचारता घेतला आणि वर आभार मानून मोकळे झाले.

उशीर एक वेळ सोसला असता, पण मग भाव वाढवला. नव्यानं घेणाऱ्यांसाठी वाढवला असता तर समजू शकलो असतो. ज्यांनी आधीच नोंदणी करून ठेवली त्यांच्यासाठीही वाढवला. फरक भरा, नाहीतर नाव कमी. आता एकट्या वायरलेसवालीला जेवढे पडतात तेवढ्यात मला कप्तान, डॉक्टर आणि भिजलेला पोरगा असे तिघं आले होते. कारण काय, तर प्लास्टिक महागलं. महागलं असेल, आमच्या लॅबमध्येही त्याच जातीची भुकटी येते. पण वीतभर बाईत प्लास्टिक असून असून किती असणार? तुझ्या दोन्ही कवळ्या आणि आतोबांची एक, एवढ्यात ती खुर्चीसकट उभी राहील. आणि नोंदणी रद्द करावी म्हटलं तर आगाऊ रकमेतून हाताळणीचा खर्च कापणार. ज्या वस्तूला अजून कुणाचा हात लागलेला नाही तिची हाताळणी! मी या अन्यायाविरुद्ध कंपनीला फोनवर ऐकवण्यासाठी एक भाषण तयार केलं, आरशासमोर म्हणून पाहिलं आणि फोन लावला. पलीकडे माणूस नव्हता. अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा, आणि मग गाणं. ते गाणं मला आता पूर्ण पाठ आहे. तुमच्या वेळी असं नव्हतं, हे मी त्या गाण्यालाही ऐकवलं.

यानंतर जे घडलं तेही लिहून टाकतो. सगळ्यात अलीकडची सूचना अशी आली की, एका जाणकार ग्राहकानं तोंडाच्या आतील तपशिलाबाबत घेतलेल्या सविस्तर हरकतींमुळे वायरलेसवालीचा चेहरा पुन्हा घडवण्यात येत असून, त्यामुळे विलंब आणि वाढीव खर्च अपरिहार्य आहे. झालं, गट पेटला. खोकेबंदनं लिहिलं की हा जाणकार कोण आहे तो सापडू दे, त्याचेच दात मोजून त्याच्या हातात देतो. सगळ्यांनी त्याला अंगठे दाखवून अनुमोदन दिलं. मीही दिलं. मग जेवताना मला घास लागला.

आत्या, तो जाणकार मी आहे.

झालं होतं असं की मधे कंपनीनं नमुन्याचा फोटो पाठवून दोन-तीन ओळींत मत मागितलं होतं. वायरलेसवाली बोलते आहे, तोंड किंचित उघडं आहे, आणि आत दात म्हणून न्हाणीघराच्या फरशीसारखी एक सलग पांढरी पट्टी मारलेली आहे. दुसऱ्या कुणाच्या डोळ्याला ते लागलंही नसतं. पण मी दिवसभर दातच पाहतो. मी दोन-तीन ओळी लिहायला बसलो. सुळ्याला पिवळसर झाक असते हे लिहिलं, मग ती का असते हे लिहिलं, मग समोरच्या दोन दातांच्या शेजारचे किंचित आखूड असतात हे आकृती काढून दाखवलं, मग वाटलं की हिरडीविषयी न लिहिणं बरोबर दिसणार नाही. सगळं स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड नाही, शुद्धलेखन कोशातून तपासलेलं. मला काय ठाऊक की तिथे कुणी खरोखर वाचतं! आणि खरं सांगतो, सूचनेत 'जाणकार' हा शब्द वाचून मला आधी आनंदच झाला. दोनदा दहावीला बसलेल्या माणसाला असं लेखी कुणी म्हणत नाही. आनंद साधारण घास लागेपर्यंत टिकला. म्हणजे उशीर होतो आहे तो माझ्यामुळे, भाव वाढला तो माझ्यामुळे, आणि भाव का वाढला म्हणून भाषण करणाराही मीच.

आता तुझ्या दातांकडे येतो. तुझ्याकडच्या डॉक्टरीणबाईंनी माप पाठवलं ते उत्तम होतं. मेणावर दात लावून कच्ची कवळी मी पाठवली, त्यांनी ती तुझ्या तोंडात घालून पाहिली, बसली, तुम्हा दोघींना पसंत पडली, परत आली. इथपर्यंत सगळं वेळेत. मग मी पक्की कवळी केली आणि उजेडात धरून पाहिली, तर एकासारखा एक, सरळ, शिस्तीत उभे दात. तीच पट्टी! तीच फरशी! तुझा वरचा एक दात शेजारच्यावर जरासा कलंडलेला होता, एखादा माणूस बाकावर डुलकी लागून शेजाऱ्याच्या खांद्यावर रेलतो तसा. तू हसलीस की आधी तो दिसायचा, मग बाकीचे. तो नाही म्हटल्यावर ते दात कुणाचेही झाले. म्हणून मी दुसरी कवळी करायला घेतली, तो दात रेलवून. पण किती रेलवायचा? जास्त रेलवला तर शीळ वाजेल, कमी रेलवला तर रेलवल्यासारखा वाटणार नाही. मी कानशीनं एवढंसं घासतो, धरून पाहतो, भुकटी कालवून एवढंसं भरतो, पुन्हा पाहतो. आणि सरळ कवळी मोडवतही नाही, कारण ती तुम्हाला पसंत पडलेली. अशा दोन कवळ्या माझ्या खणात आहेत आणि मी खण उघडतो, पाहतो आणि बंद करतो.

आतोबांनी मधे दोनदा विचारणा केली. काय उत्तर द्यावं हे न सुचून मी त्यांना लिहून पाठवलं की कामात सुधारणा चालू आहे, आपल्या संयमाबद्दल मनःपूर्वक आभार. त्यांनी उलट विचारलं, 'हे तू लिहिलंस की बँकेनं?' त्यांना माझा नमस्कार सांग आणि राग मानू नका म्हणावं.

आमच्या लॅबमध्ये पॉलिशवाल्या काकू आहेत. मोटरवर कवळ्या घासून चकचकीत करतात, त्यामुळे केसांवर, भुवयांवर सतत पांढरी भुकटी असते आणि त्या रागावल्या की ती उडते. त्या माझ्या खणाकडे पाहून रोज विचारतात.

"झाली का रे?"

"अजून जरासं आहे, काकू."

"कालही जरासंच होतं. ते जरासं रात्रीत वाढतं की काय?"

"चेहरा येत नाही हो."

"चेहरा तिचा तिच्याकडे आहे. तू दात दे. तुझ्या आत्याला दात हवेत की तुला?"

मी खण बंद केला. (वयस्कर बायकांपुढे मला सुचत नाही, हे एकदा लक्षात घेतलं पाहिजे.)

त्यात परवा मालकांनी नवं दरपत्रक भिंतीला चिकटवलं. भुकटी महागली म्हणून कवळ्या महाग. आणि खाली बारीक अक्षरात, ज्यांचं काम आधी घेतलं आहे त्यांनाही नवा दर. मी ते वाचलं आणि, आत्या, कंपनीसाठी तयार केलेलं ते सबंध भाषण मालकांपुढे माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. दिलेला शब्द म्हणजे काय, आधी रांगेत उभा राहिलेल्यानं वाढीव भाव का भरावा, ज्या वस्तूला हात लागलेला नाही तिची हाताळणी कसली. मालक चहा पीत होते. पेला तसाच हातात राहिला. मग म्हणाले, "हाताळणी कुठे लिहिली आहे मी?" मी म्हटलं, ते दुसऱ्यांचं आहे, पण बाकीचं तुम्हालाच. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "बरं. जुनी कामं जुन्या दरात. पण जुन्या तारखेला गेली पाहिजेत. तारीख चुकली की नवा दर. तुझ्या खणात काय आहे ते मला माहीत आहे." म्हणजे जिंकलो मी, आणि अडकलोही मीच.

तर तुझ्या दातांविषयी सविस्तर सांगायचं म्हणजे, दात होत आले आहेत. काळजी नसावी. आतोबांना आणि शेजारच्या वकीलबाईंना नमस्कार. मोठ्यांचे आशीर्वाद असू द्यावेत, आणि तुझे तर जरा जास्तच असू द्यावेत.

तुझा,
भाचा

ता. क. एक विनंती होती. ती पत्रात कुठे बसवावी हे न कळल्यामुळे इथे लिहितो. मेळावा थोडा पुढे ढकलता येईल का? फार नाही. तुम्ही सगळ्या निवृत्त झालेल्या आहात, कुणाला रजा काढायची नाही, आणि सभागृहाच्या माणसाला तू एकदा तुझ्या पद्धतीनं सांगितलंस तर तो नाही म्हणणार नाही (सांगताना 'स' टाळता येईल असं वाक्य मी करून देतो). बाकीच्या बायकांना कारण विचारलं तर अपरिहार्य विलंब म्हणून कळव. संयमाबद्दल आभार मात्र मानू नकोस, त्यानं माणूस चिडतो.

आणखी एक. हे पत्र लिहून झालं आणि कंपनीचा नव्या नमुन्याचा फोटो आला. दात, आत्या, काय दात केले आहेत! एकेक वेगळा, सुळ्याला झाक, हिरडीसुद्धा. गटात खोकेबंदनं लिहिलं की ही आली की आपण पहिल्यांदा खोकं उघडणार. मत दोन-तीन ओळींत मागितलं आहे. या खेपेला मी एक अक्षरही लिहिणार नाही, तशी आईच्या गुडघ्याची शपथ घेतली आहे. (वायरलेसवालीच्या डाव्या हाताचा अंगठा उलट्या बाजूला बसवला आहे. पण लिहिणार नाही.)

आणखी शेवटचं. तिकीट नव्हतं म्हणून पत्र घेऊन तसाच लॅबवर आलो आणि खण उघडला, तर आत एकच कवळी. सरळवाली. मी काकूंना विचारलं. त्यांनी मोटर चालू ठेवूनच सांगितलं की रेलणारी कवळी त्यांनी काल घासून, चमकवून, तारखेच्या आत तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे कुरिअरनं रवाना केली. मी म्हटलं, काकू, पसंत तर सरळवाली पडली होती, आणि तुम्ही माझ्या आत्याला कधी पाहिलेलंही नाही. तर म्हणाल्या, "सरळवाली कुणालाही शोभेल. ही एवढी तिरपी कवळी जगात एकाच बाईची असू शकते, म्हणून ती दिली."

तेव्हा मेळावा पुढे ढकलण्याचं रद्द समज. आधीच ढकलला असलास तर पुन्हा मागे ओढ. दर जुनाच लागेल. डॉक्टरीणबाई म्हणतील की हा दात चुकून कलला आहे; त्यांना कानस हातात घेऊ देऊ नकोस. कवळी टोचली तर मालकांना नको, मला कळव. टोचली नाही तरी कळव. माझा विश्वास बसणार नाही, पण कळव. मात्र आतोबांकडे निरोप देऊ नकोस, 'स' कसा येतो ते त्यांना सांगता येणार नाही. तू स्वतः फोन कर. लॅबवर केलास तरी चालेल. मोटर बंद करायची असं काकूंना सांगून ठेवलं आहे.